पाहिलेले किती, दाखवलेले किती?

श्री. नील मोहन,
मुख्य कार्यकारी अधिकारी, यूट्यूब
यांस,



मे २०२५ मध्ये आपण मुंबईला आलात आणि वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'वेव्हज' परिषदेत बोललात. गेल्या तीन वर्षांत यूट्यूबने भारतातल्या कलाकारांना, चॅनलवाल्यांना आणि माध्यम कंपन्यांना २१,००० कोटी रुपये दिले, पुढच्या दोन वर्षांत आणखी ८५० कोटी गुंतवणार, असं आपण सांगितलंत. वर्षभरात भारतातल्या १० कोटींहून जास्त चॅनलांनी काही ना काही अपलोड केलं, हाही त्याच भाषणातला आकडा. त्या दिवशी मुंबईच्या नळाला जे पाणी होतं त्यातलं बरंचसं आमच्या भातसा आणि तानसा धरणांतलं होतं. (आपल्यासमोर बाटलीच ठेवली असणार, तो भाग वेगळा.) ही दोन्ही धरणं ज्या तालुक्यात आहेत आणि जिथल्या पाड्यांना दर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, त्या शहापूरहून हे पत्र लिहितो आहे. आसनगावला माझं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे.

दुकानात बारशापासून दशक्रियेपर्यंत सगळं छापून मिळतं. भावी सरपंच, भावी सभापती, भावी आमदार यांची तर रांगच असते. 'भावी' हा शब्द मी तयारच करून ठेवलाय, फोटो बदलला की काम झालं. अलीकडे यात नवं गिऱ्हाईक वाढलंय ते गाणंवाल्यांचं. बेंजो पार्ट्या, ब्रास बँड, हळदीचे कार्यक्रम करणारे गायक, तारप्याला डीजेची जोड देऊन गाणी काढणारी आदिवासी पाड्यांवरची पोरं. पूर्वी यांच्या फ्लेक्सवर फोटो, मोबाइल नंबर आणि 'लग्न, हळद, साखरपुडा, मिरवणुकीच्या ऑर्डर स्वीकारल्या जातील' एवढाच मजकूर असायचा. आता सगळ्यात मोठ्या अक्षरात आकडा येतो. '१ मिलियन'. पार्टीचं नाव त्याच्या खाली.

हा आकडा नुसता मिरवायला असता तर मी पत्र लिहिलं नसतं. त्याच्यावर पोट आहे. लखनौच्या शाळेत शिकलेल्या माणसाला लग्नसराई म्हणजे काय ते सांगायला नको. तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे मांडव पडायला लागतात, आणि हळदीच्या रात्रीचा खर्च कधीकधी लग्नाच्या दिवसालाही मागे टाकतो. सुपारी द्यायला आलेला नवरदेवाचा मामा आधी खिशातून मोबाइल काढतो, पार्टीचं नाव टाकतो आणि गाणं ऐकायच्या आत गाण्याखालचा आकडा वाचतो. आकडा हजारांत असला तर एक भाव, लाखांत असला तर दुसरा, मिलियन असला तर बोलणीच वेगळी. गळा कसा आहे, ढोलकीवर कोण बसतं, हे नंतर. ज्याचं वाजवणं चांगलं पण आकडा लहान, त्याच्या वाट्याला उरलेल्या तारखा येतात, म्हणजे दाट तिथीच्या दिवशी बाकीचे सगळे बुक झालेले असतात तेव्हा.

आता मुद्द्यावर येतो. त्या मिलियनमध्ये आपण होऊन गाणं बघायला आलेले किती आणि पैसे भरून ज्यांच्यासमोर ते लावलं गेलं असे किती, हे आपल्या कंपनीला माहीत असतं. चॅनलच्या मालकालाही कळतं, त्याने बघितलं तर. मामाला कळत नाही.

मुरबाड तालुक्यात धसई नावाचं गाव आहे. डिसेंबर २०१६ मध्ये, नोटाबंदीच्या ऐन गदारोळात, ते राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं होतं. राज्याचे अर्थमंत्री स्वतः आले होते. त्या पंचक्रोशीतला एक बेंजो पार्टीवाला मध्यंतरी दुकानात आला. त्याने गाण्याच्या प्रमोशनचे पैसे कल्याणच्या एका प्रमोशनवाल्याला रोख मोजले होते. बिल नाही, पावती नाही. व्हॉट्सॲपवर आलेला एक स्क्रीनशॉट, तेवढाच पुरावा. फ्लेक्सचं डिझाइन करताना आकडा कुठला टाकायचा यावरून गाडी अडली. स्क्रीनशॉटमध्ये एक आकडा, गाण्याखाली दुसरा, त्याच्या यूट्यूब स्टुडिओ ॲपमध्ये त्याच दिवसांचा तिसरा.

"दादा, यातला खरा कुठला?"

मी म्हटलं, स्टुडिओ उघड, ॲनालिटिक्समध्ये जा, लोक कुठून आले ते बघू. वरचीच ओळ 'यूट्यूब जाहिरात' अशी होती आणि तिची पट्टी स्क्रीनच्या पार कडेपर्यंत गेलेली. गाण्याचं नाव शोधून आलेल्यांची पट्टी नखाएवढी. कुठल्या प्रदेशातून आले त्या यादीत महाराष्ट्र बराच खाली होता; प्रमोशनवाल्याने कॅम्पेन अख्ख्या भारताला लावलं होतं, स्वस्त पडतं म्हणून. मग मी सरासरी किती वेळ पाहिलं ते बघितलं. गाणं साडेचार मिनिटांचं, पाहिलेली सरासरी अर्ध्या मिनिटाच्या जरा पुढे. आता हळदीच्या गाण्याची रचना आपल्याला ठाऊक नसेल म्हणून सांगतो. सुरुवातीला ढोल येतो, मग बेंजोचा तुकडा, मग ड्रोनमधून दिसणारा मांडव, मग 'सादर करीत आहे' म्हणून घुमणारा आवाज, निर्मात्याचं नाव, निर्मात्याच्या आईवडिलांचे आशीर्वाद. पहिला शब्द येईपर्यंत अर्धं मिनिट सहज उलटतं. आणि आपल्या नियमात जाहिरात ३० सेकंद पाहिली की एक व्ह्यू. म्हणजे मोजल्या गेलेल्यांपैकी कित्येकांनी त्याच्या गायकाचा आवाजही ऐकला नव्हता.

तो थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे लोकं आमची एन्ट्रीच बघून गेली."

फ्लेक्सवर शेवटी गाण्याखालचाच आकडा छापला. मामा तोच बघणार ना.

तीन आकडे तीन तऱ्हेचे दिसण्यात दर वेळी लबाडी असते असं नाही, हे मी त्याला सांगितलं. जाहिरातीचा हिशेब गूगल ॲड्स ठेवतं, गाण्याचा हिशेब स्टुडिओ ठेवतो, आणि दोघांची मापं निराळी. 'स्किप' करता येणारी जाहिरात ३० सेकंद पाहिली, किंवा ती त्याहून लहान असली तर पुरी पाहिली, की जाहिरातीच्या खात्यात एक व्ह्यू पडतो. त्याआधी कुणी तिच्यावर बोट दाबलं तरी पडतो. स्टुडिओत १० सेकंदांपेक्षा मोठी जाहिरात असेल आणि ३० सेकंद किंवा शेवटपर्यंत पाहिली असेल, तरच ती धरली जाते. 'स्किप' करता न येणारी जाहिरात लाखो लोकांना दाखवली तरी स्टुडिओतल्या व्ह्यूजमध्ये तिचं शून्य. सर्चमध्ये नाहीतर होमपेजवर लावलेल्या जाहिरातीत थंबनेलवर बोट पडलं की व्ह्यू. त्यावर आपली यंत्रणा संशयास्पद व्ह्यूज मागाहून वजा करते, म्हणून रात्री पाहिलेला आकडा सकाळी खाली आलेला दिसतो आणि इकडे 'अमक्याने आपल्या गाण्याला रिपोर्ट मारला' म्हणून दोन पार्ट्यांत भांडणं लागतात. हे सगळं आपल्या मदतीच्या पानांवर लिहिलेलं आहे. प्रमोशनवाला ते वाच म्हणून कशाला सांगेल? तिन्हीतला सगळ्यात मोठा आकडा दाखवण्यावर त्याचं दुकान चालतं.

एके काळी नव्या व्हिडिओचा आकडा ३०१ वर येऊन अडायचा. व्ह्यूज खरे आहेत का हे तपासेपर्यंत तो तिथेच. ऑगस्ट २०१५ मध्ये आपल्याकडे ती पद्धत बंद झाली. लोक तेव्हा वैतागायचे, थट्टा करायचे. मला ती बरी वाटायची. यंत्र चारचौघांत सांगायचं की थांबा, अजून तपासतोय.

गाण्यांचं झालं. बैलांचं त्याहून अवघड आहे. ठाणे-रायगडकडे बिनजोड शर्यती चालतात, दोन गाड्या, समोरासमोर. सर्वोच्च न्यायालयाने १६ डिसेंबर २०२१ ला शर्यतींना अटींसह परवानगी दिली, १८ मे २०२३ ला घटनापीठाने शर्यतींचा कायदाच वैध ठरवला, आणि तेव्हापासून मैदानात जितकी माणसं तितकेच वर धरलेले मोबाइल असतात. शर्यत कितीशी चालते? मोजक्या सेकंदांची दौड. शॉर्ट्ससाठी याहून चांगलं काय मिळणार? मालक बैलाच्या दौडीचे शॉर्ट्स जपून ठेवतो आणि बैल विकायला काढला की गिऱ्हाइकाला दाखवतो. खाली आकडा असतो. गिऱ्हाईक समजतं की एवढ्या माणसांनी हा बैल पळताना पाहिला.

३१ मार्च २०२५ पासून आपण शॉर्ट्सचं मोजमाप बदललंत. आता शॉर्ट सुरू झाला की व्ह्यू, आणि संपून पुन्हा आपोआप सुरू झाला की आणखी एक. किती वेळ पाहिला याची अट नाही. आठ सेकंदांची दौड डोळ्यांसमोर ठेवून कुणी चहाचा कप घ्यायला आत गेला तर तेवढ्यात कितीदा मोजली जाईल, हे आपणच ठरवा. खरंच थांबून पाहिलेल्यांचा जुना हिशेब आपण 'एंगेज्ड व्ह्यूज' म्हणून ठेवलात, आणि चॅनलला पैसे द्यायची वेळ आली की तोच धरता. पण तो दिसतो फक्त चॅनलच्या मालकाला. बैल घेणाऱ्याला दिसतो तो दुसरा, फुगलेला. पैसे देताना एक माप आणि दाखवताना दुसरं, असं आमच्या मुरबाडच्या बाजारात कुणी केलं तर वजनमापवाले येतात.

खोटे व्ह्यूज, म्हणजे यंत्राने केलेले, हा वेगळा गुन्हा आहे आणि त्यावर मुंबई पोलिसांच्या गुन्हे शाखेने जुलै २०२० मध्ये हात घातला होता. एका गायिकेच्या नावाने इन्स्टाग्रामवर बनावट खातं निघाल्याची तक्रार आली, कुर्ल्यातून एकाला अटक झाली, आणि फॉलोअर, लाइक, व्ह्यूज विकणाऱ्या वेबसाइटींचा धंदा उजेडात आला. ऑगस्टमध्ये रॅपर बादशाह यांनाही चौकशीला बोलावलं गेलं. पैसे देऊन व्ह्यूज घेतल्याचे आरोप त्यांनी साफ नाकारले. तो वाद पोलिसांचा आणि त्यांचा. माझा विषय त्याच्या एक वर्ष आधी घडलेल्या गोष्टीत आहे, जिथे कुणी नियमच मोडला नव्हता.

जुलै २०१९ मध्ये बादशाह यांच्या 'पागल' या गाण्याला पहिल्या २४ तासांत साडेसात कोटी व्ह्यूज मिळाल्याचं जाहीर झालं. त्याआधीचा विक्रम कोरियाच्या बीटीएसचा, ७ कोटी ४६ लाखांचा. अशा विक्रमांचं आपली कंपनी एरवी कौतुक करते, या खेपेला गप्प बसली. गाण्याची जाहिरात आपल्याच दुकानातून, रीतसर पैसे भरून झाली होती, आणि जगभरच्या म्युझिक कंपन्या तेच करत आलेल्या. दोन महिन्यांनी, सप्टेंबर २०१९ मध्ये, आपल्या कंपनीने नियम बदलला: २४ तासांच्या विक्रमात आणि म्युझिक चार्टमध्ये जाहिरातीतून आलेले व्ह्यूज धरायचे नाहीत. लोकांनी शोधून, लिंक उघडून, होमपेजवर दिसलं म्हणून पाहिलेले तेवढेच धरायचे. मागचे विक्रम तसेच ठेवले.

मला तो निर्णय पटला होता. तो तिथेच का थांबला, हे मात्र आजवर उमगलेलं नाही. कारण दोन्ही हिशेब वेगळे ठेवणं आपल्याला जमतं, हे आपण वारंवार दाखवलंय. मोठ्या व्हिडिओंच्या जोरावर चॅनलला जाहिरातींचे पैसे मिळू लागायला १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तास पाहिलं जाणं लागतं. त्या तासांत जाहिरातीतून आलेले तास आपण धरत नाही. बरोबरच आहे, नाहीतर लोक पैसे भरून पैसे मिळवायला येतील. स्टुडिओत 'यूट्यूब जाहिरात' ही ओळ स्वतंत्र आहेच. लोकसभा-विधानसभेच्या प्रचाराच्या जाहिराती कुणी दिल्या आणि त्यावर किती खर्च केला, हे २०१९ पासून गूगल भारतातल्या कुणालाही उघड दाखवतं. चार्टसाठी वेगळं, पैसे वाटताना वेगळं, मालकासाठी वेगळं, मतदारासाठी वेगळं. सगळं एकत्र ढवळलेलं उरतं ते गाण्याखालच्या ओळीत, आणि आमच्या मामाची नजर नेमकी तिथे जाते.

मी छापखान्याचा माणूस, म्हणून एक गोष्ट माझ्या धंद्यातली सांगतो. निवडणुकीचं पत्रक किंवा पोस्टर छापायला आलं की लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चं कलम १२७-क आम्हाला लागू होतं. मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता पत्रकाच्या दर्शनी भागावर छापावाच लागतो, छापून घेणाऱ्याकडून ओळखीच्या दोघांच्या सह्यांसह लेखी घ्यावं लागतं आणि ते पत्रकासोबत सरकारदरबारी पाठवावं लागतं. नाही केलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आचारसंहिता लागली की तहसील कचेरीत आम्हा छपाईवाल्यांची बैठक होते, आणि प्रती किती छापल्या हेही सांगा म्हणून बजावलं जातं. आसनगावच्या फ्लेक्सवाल्याने कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'हे पैसे देऊन छापलंय' असं सांगायचं, आणि जगातल्या सगळ्यात मोठ्या व्हिडिओच्या फळ्यावर तशी एक ओळ नसावी? मला यात कुणाचा कट वगैरे दिसत नाही. कुणी मागितली नाही म्हणून ती नाही, एवढंच.

आकडा मोजणारा, जाहिरात विकणारा आणि तपासणारा एकाच छपराखाली असला की काय होतं, त्याचा अनुभव जगाला आहे. फेसबुकने सप्टेंबर २०१६ मध्ये कबूल केलं की व्हिडिओ सरासरी किती वेळ पाहिला जातो हा त्यांचा आकडा दोन वर्षं फुगलेला होता, कारण ३ सेकंदांच्या आत पुढे गेलेल्यांना हिशेबातच घेतलं नव्हतं. जाहिरातदार कोर्टात गेले, २०१९ मध्ये ४ कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटलं. आमच्याकडे टीव्हीच्या टीआरपीवरून ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबईत केवढा धुरळा उडाला आणि वृत्तवाहिन्यांची आकडेवारी मार्च २०२२ पर्यंत बंद राहिली, ते सगळ्यांनी पाहिलं. यूट्यूबच्या जाहिरातींच्या काही आकड्यांना अमेरिकेतल्या मीडिया रेटिंग कौन्सिलची मान्यता असते, हे मला ठाऊक आहे. म्हणजे जाहिरातदाराला निदान कुणी तिसरा तपासनीस आहे. सुपारी देणाऱ्याला तोही नाही. आपण स्वतः डबलक्लिकमधून आलेले, जी कंपनी गूगलने २००८ मध्ये घेतली आणि जिचा धंदाच जाहिराती पोचवण्याचा आणि मोजण्याचा. दाखवलेलं आणि पाहिलेलं यांतला फरक आपल्याला मी काय शिकवणार?

प्रमोशन वाईट, असं माझं म्हणणं नाही. उलट ज्याच्यामागे म्युझिक कंपनी नाही, पुण्या-मुंबईत ओळख नाही, घरी बसून व्हिडिओ चढवायला रेंज नाही म्हणून जो मोटारसायकलने टोकावड्याच्या नाक्यावर येतो, अशा पोराला थोडे पैसे भरून चार नवीन माणसांपुढे जाता येतं ही मोठीच सोय आहे. जाहिरात आधीही होती. म्हसोबाच्या जत्रेला, पौष पौर्णिमेला म्हसा गावी तमाशाचे फड यायचे तेव्हा भोंगा लावलेली जीप गावोगाव फिरायची. पण जीप ज्या ज्या गावातून गेली ते ते गाव तंबूत तिकीट काढून बसलं, असं फडमालक धरत नव्हता. गल्ला तंबूच्या दारात मोजला जायचा.

आणि बिनप्रमोशनचं चालतच नाही असंही नाही. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ ला जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी नऊवारीतल्या, साठी-सत्तरी ओलांडलेल्या बाया पाठीला दप्तर लावून पाटीवर नाव गिरवायला बसल्या. देशोदेशीच्या वाहिन्या आपण होऊन फांगण्याला आल्या आणि त्यांचे व्हिडिओ जगभर पाहिले गेले. कुठल्याही आजीच्या दारावर '१ मिलियन'चा फ्लेक्स लागल्याचं मला माहीत नाही. लागला असता तर तो बहुधा माझ्याच नाहीतर मुरबाडच्या दुकानातून गेला असता.

मागणी सांगतो. ॲपमध्ये व्हिडिओच्या नावावर बोट ठेवलं की लाइक, व्ह्यूज आणि तारीख अशी एक पट्टी उघडते. तिथे आणखी एक ओळ घाला: पैकी जाहिरातीतून इतके. नेमका आकडा द्यायचा नसेल तर टक्केवारी चालेल. शॉर्ट्सखाली 'एंगेज्ड व्ह्यूज' सगळ्यांना दिसू द्या, ते आपल्याकडे आहेतच. व्हिडिओखालची पट्टी बदलणं अवघड आहे असं कृपया सांगू नका; नोव्हेंबर २०२१ मध्ये नापसंतीचा आकडा लपवला तेव्हा ती बदललीच होती, आणि तेव्हाही कितीतरी लोकांनी नको म्हटलं होतं.

मोठ्या म्युझिक कंपन्या नाराज होतील, याची मला कल्पना आहे. गाण्याच्या पहिल्या दिवशी त्या किती ओततात ते उघडं पडेल. उद्या मलाही कुणी सांगितलं की 'भावी' शब्द छापायचा नाही, तर माझं निम्मं गिऱ्हाईक तुटेल. तरी ओळ यायला हवी. नुकसान कुणाचं चाललंय ते बघा: आपण होऊन आलेल्या ४०,००० लोकांनी ज्याचं गाणं पूर्ण ऐकलं तो मामाच्या मोबाइलवर मिलियनवाल्यापुढे हरतो. मग तोही पुढच्या मोसमात बायकोची बोरमाळ गहाण टाकून कल्याणला जातो. मिलियन असतोच सगळ्यांकडे, म्हणून यंदा '५ मिलियन'चे फ्लेक्स यायला लागलेत. सुपाऱ्या तितक्याच आहेत.

हे पत्र आपल्यापर्यंत पोचेल की नाही कुणास ठाऊक. माझ्या गिऱ्हाइकांपर्यंत पोचेल, म्हणून त्यांच्यासाठीही दोन शब्द. प्रमोशन करायचं तर स्वतःच्या नावाने गूगल ॲड्सचं खातं उघडा, पैसे त्यातून भरा, जीएसटीचं बिल घ्या, आणि प्रदेश निवडताना ठाणे, रायगड, पालघर, नाशिक एवढेच टाका. व्ह्यूज कमी येतील, पण सुपारी त्यातूनच येईल. आणि गायकाचा आवाज पहिल्या दहा सेकंदांत आणा. निर्मात्याच्या आईवडिलांचे आशीर्वाद शेवटी ठेवले तरी ते कमी होत नाहीत.

माझ्या दुकानात मी एक सुरू केलंय. ज्याला मिलियन छापायचा असेल त्याला आधी स्टुडिओतली ती ओळ दाखवायला सांगतो. नाही दाखवली तरी छापून देतो, शेवटी धंदा आहे. पण विचारतो. निम्मे जण हसून टाळतात, काही जण तिथेच पहिल्यांदा स्वतः बघतात. आपली ती ओळ तुळशीच्या लग्नाआधी आली तर हा मोसम तरी निभेल.



आपला,
आसनगावचा एक फ्लेक्सवाला

ता. क. आपल्या ॲनालिटिक्समधला दिवस कॅलिफोर्नियाच्या मध्यरात्री बदलतो, म्हणजे आमच्याकडे उन्हाळ्यात दुपारी साडेबाराला आणि हिवाळ्यात दीडला. गूगल ॲड्सच्या खात्यात मात्र भारताची वेळ लावता येते. त्यामुळे एकाच तारखेचे दोन आकडे कधीच जुळत नाहीत, आणि संध्याकाळी चढवलेल्या हळदीच्या गाण्याचा 'पहिला दिवस' दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी संपतो. वरची मागणी मान्य व्हायला वेळ लागणार असेल, तर निदान स्टुडिओत चॅनलवाल्याला आपली वेळ निवडू द्या. याला तर कुठल्याच म्युझिक कंपनीची हरकत नसावी.